सरकारी परवाना आणि शरियतीची मनाई



वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवर पासली नांवाचें एक लहानसें गांव आहे. जवळच तोरणा, पलीकडे राजगड, आणि वाट तशीच पुढें नेली तर मढे घाटाचें तोंड. घाट उतरला कीं महाडचा मुलूख लागतो. इतिहासाच्या पुस्तकांत पासलीचें नांव सहसा आढळत नाहीं. परंतु ह्याच डोंगररांगांत इ. स. १७०४ च्या आरंभीं हिंदुस्थानच्या बादशहाची छावणी पडली होती. फेब्रुवारींत राजगड पडला, मार्चांत तोरणा. राजगडास नबीशाहगड व तोरण्यास फुतूहुलगैब अशीं नवीं नांवें मिळालीं. तीं टिकलीं नाहींत, ही गोष्ट वेगळी. आजच्या भाषणाशीं संबंध आहे तो किल्ल्यांचा नव्हे, तर त्या पंचाऐंशी वर्षांच्या बादशहाच्या एका जुन्या हुकुमाचा.

औरंगजेब स्वतः मद्यास शिवत नसे. गादीवर येतांच त्यानें मुहतसिब, म्हणजे लोकांच्या आचरणावर देखरेख करणारा अधिकारी, नेमला आणि दारू, भांग वगैरेंच्या विक्रीस बंदी केली. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा गृहस्थ त्या वेळीं दिल्लींत होता. हाच मनुची पुढें जयसिंगाबरोबर दक्षिणेंत आला आणि शिवाजी महाराजांस भेटला, म्हणून मराठी वाचकांस तो अपरिचित नाहीं. तो लिहितो कीं, दारू विकणाऱ्याचा एक हात व एक पाय तोडावा, असा हुकूम निघाला. वैद्य व शस्त्रवैद्य खेरीज करून बाकीच्या ख्रिस्ती लोकांस शहराबाहेर तोफखान्याजवळ राहावयास लावलें, आणि तेथें आपल्यापुरती दारू गाळण्याची त्यांना मोकळीक दिली, विकण्याची मात्र नाहीं. त्याच मनुचीनें एक गमतीची गोष्ट नमूद केली आहे. बादशहा एकदां रागानें म्हणाला कीं, साऱ्या हिंदुस्थानांत न पिणारीं माणसें दोनच, एक मी आणि दुसरा मुख्य काजी अब्दुल वहाब. मनुची म्हणतो, काजीसाहेबांच्या बाबतींत बादशहाची चूक होत होती, कारण त्यांच्याकडे रोज एक बाटली मीच पाठवीत होतों. मनुचीची लेखणी मीठमसाला लावण्यांत मागें राहणारी नव्हे, हें ध्यानांत ठेवून ही गोष्ट ऐकावी.

आतां प्रश्न असा. राजाचा कायदा ज्या नशेस मोकळीक देतो, तिच्याविषयीं धर्माचा निर्णय काय? राजानें परवाना दिला म्हणून पाप तें पुण्य होतें काय? पुष्कळांची समजूत अशी कीं, हा प्रश्न इंग्रजी राज्यांत, दारूच्या दुकानांवर सरकारी पाट्या लागल्या तेव्हां उत्पन्न झाला. तसें नाहीं. तो मुसलमानी राज्यांतही होता, आणि तेथील पंडितांनीं त्याचा कीस काढलेला आहे. मी आलिम नव्हे, शाळामास्तर आहें. ग्रंथांत जें स्पष्ट आहे तेवढेंच सांगतों.

कुराणांत मद्याचा निषेध एकदम आलेला नाहीं. दुसऱ्या सूरेंत म्हटलें आहे कीं, मद्य व जुगार ह्यांत मोठें पाप आहे, लोकांस कांहीं लाभही आहेत, पण पाप लाभाहून मोठें. चौथ्या सूरेंत नशेंत नमाजाजवळ जाऊं नका, अशी आज्ञा आली. आणि पांचव्या सूरेंत मद्य, जुगार वगैरे सैतानाचीं कृत्यें असून त्यांपासून दूर राहा, असा अखेरचा हुकूम झाला. मूळ शब्द ‘खम्र’. सगळ्या वादाचें मूळ ह्या एका शब्दांत आहे. खम्र म्हणजे केवळ द्राक्षाचा कच्चा रस उकळी येऊन, फेंस धरून जें होतें तें? कीं बुद्धीवर पडदा घालणारें कोणतेंही पेय?

इमाम अबू हनीफा (मृत्यु इ. स. ७६७) ह्यांनीं पहिला अर्थ घेतला. द्राक्षमद्याचा एक थेंबही हराम. खजूर व मनुका ह्यांचीं कित्येक मद्येंही हरामच, पण त्यांचा दर्जा किंचित् निराळा. मध, गहूं, जव, जोंधळा ह्यांपासून केलेलें पेय मात्र चैनीसाठीं नव्हे तर शक्तीसाठीं, नशा चढणार नाहीं इतक्या बेतानें घेतलें तर चालेल, असें त्यांचें व त्यांचे शिष्य अबू यूसुफ ह्यांचें मत. दुसरे शिष्य इमाम मुहम्मद ह्यांस तें पटलें नाहीं. जें पुष्कळ घेतल्यानें नशा येते, तें थोडेंही हराम, असें त्यांनीं ठरविलें. इमाम शाफीई (मृत्यु ८२०) ह्यांचें मत आरंभापासूनच असें कडक होतें. गुरूंचें मत बाजूस सारून मागाहूनच्या हनफी पंडितांनींही फतवा मुहम्मदांच्या मतावर दिला, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. शिष्यानें गुरूस शास्त्रार्थांत मागें टाकावें आणि परंपरेनें तें मान्य करावें, असें आपल्याकडील दर्शनांतही घडलेलें आहे.

ह्या दोन पंथांची सीमा आमच्या भागांत जवळजवळ सह्याद्रीच्या धारेवरून जाते. घाटमाथ्यावरील व देशावरील मुसलमान बहुतांशीं हनफी. घाट उतरून महाड, म्हसळें, श्रीवर्धनकडे गेलें कीं कोकणी मुसलमान शाफीई. अरबांच्या व्यापारी गलबतांबरोबर तें मत किनाऱ्यावर आलें आणि तेथेंच रुजलें. पासलीकडून मढे घाटानें उतरणारा वाटसरू जणूं एका न्यायपीठाच्या हद्दींतून दुसऱ्याच्या हद्दींत जातो. मद्यपानाची शिक्षासुद्धां दोहोंकडे सारखी नाहीं: हनफी मतें ८० फटके, शाफीई मतें ४०.

आणखी एक भेद ह्याहून मार्मिक आहे. मुसलमानी राज्यांत राहणाऱ्या अन्य धर्मीयाच्या घरांतील दारूचें पिंप एखाद्या मुसलमानानें फोडलें तर? हनफी पंडित म्हणतात, त्यानें किंमत भरून दिली पाहिजे. कारण मुसलमानास ती वस्तु कवडीमोल असली तरी तिच्या मालकाच्या धर्मांत ती माल आहे. शाफीई म्हणतात, भरपाई नाहीं. म्हणजे एकाच राज्यांत एका प्रजाजनास जी वस्तु कायदेशीर, ती दुसऱ्यास निषिद्ध, ही कल्पना हनफी न्यायशास्त्रानें शेंकडों वर्षांपूर्वीं मान्य केली होती. आपल्या पेशवाईंतही दारूबंदीचे हुकूम होते, आणि तेथेंही कोकणांतील भंडारी व कोळी ह्यांस, तसेंच तोफखान्यांतील फिरंग्यांस सवलत होती, असें न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींच्या आधारें दाखविलें आहे. राज्यकर्त्यांच्या अडचणी धर्म बदलला म्हणून फारशा बदलत नसाव्यात.

मोंगल घराण्याचा स्वतःचा इतिहास पाहिला तर हुकूम आणि आचरण ह्यांतील अंतर डोळ्यांत भरतें. जहांगिरानें राज्यावर येतांच जे बारा हुकूम काढले, त्यांत दारू गाळण्यास व विकण्यास बंदी होती. तोच जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत मोकळेपणानें लिहितो कीं, वयाच्या अठराव्या वर्षापासून मी पीत आलों आणि एका काळीं दिवसांत चौदा व रात्रीं सहा असे वीस प्याले घेत होतों. त्याचे दोन्ही भाऊ दारूनेंच गेले, आणि तेही दक्षिणेच्या मोहिमेवर: मुराद १५९९ सालीं, दानियाल १६०५ च्या सुमारास बऱ्हाणपुरास. दानियालावर अकबरानें पहारे बसविले, तेव्हां चाकरांनीं बंदुकीच्या नळींत दारू भरून त्याच्याकडे पोंचविली. नळींतील दारूगोळ्याचा अंश व गंज मिसळलेली ती दारू त्याच्या जिवावर बेतली.

दारूविषयीं निदान मूळ ग्रंथांत वचन तरी होतें. अफू, भांग, कॉफी, तंबाखू ह्यांची गोष्ट निराळी. त्या सर्वांचा निर्णय तर्कानें करावा लागला. १५११ सालीं मक्केंत खैर बेग नांवाच्या अधिकाऱ्यानें पंडितांची सभा भरवून कॉफी हराम ठरविली आणि पोतीं जाळविलीं. वर कैरोहून सुलतानानें ती बंदी उठविली. ज्या पेयावरून एवढें रण माजलें, तें पुढें बाबा बुदन ह्यांनीं अरबस्थानांतून आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावलें, अशी कथा आहे, आणि आज तें आपल्या घरोघरीं आहे. तंबाखूची वाट आणखीच वांकडी. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारांतून परततांना तंबाखू व नळी घेऊन गेला. बादशहानें दोन झुरके घेतले. वैद्य म्हणाले, आमच्या ग्रंथांत हें नाहीं. असद बेगानें उत्तर दिलें कीं, प्रत्येक चाल कधींतरी नवीच असते. १६१७ सालीं जहांगिरानें तंबाखूस मनाई केली; तुर्कस्थानांत चौथ्या मुरादानें १६३३ पासून ओढणारास देहान्त शिक्षा ठेविली. तरी धर्मपंडितांत एकमत झालें नाहीं. दमास्कसचे अब्दुल गनी नाबुलुसी (मृत्यु १७३१) ह्यांनीं तर तंबाखूच्या बाजूनें सबंध ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता: ज्यानें बुद्धि जात नाहीं आणि ज्याविषयीं वचन नाहीं, तें निषिद्ध म्हणण्याचा अधिकार सुलतानालाही नाहीं. म्हणजे सरकारनें परवानगी दिल्यानें हराम तें हलाल होत नाहीं. तसेंच सरकारनें मनाई केली म्हणून जें मुळांत निर्दोष आहे तें ईश्वराच्या दरबारीं हराम ठरत नाहीं. ही दुसरी बाजू पुष्कळदां विसरली जाते.

अफू व भांग ह्यांनीं बुद्धि जाते, हें तर उघड. म्हणून पंडितांनीं त्यांस नशेपुरतें हराम मानलें. पण औषध म्हणून बेतानें घेण्यास, आणि म्हणूनच विक्रीसही, वाट मोकळी राहिली. दारूचे ठरलेले फटके त्यांस लागूं नयेत, काजीनें आपल्या विवेकानें शिक्षा द्यावी, असें सामान्य मत. ह्या फटींतून केवढा व्यापार वाहिला, तें मुंबईच्या इतिहासांत दिसतें. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाई, कंपनी सरकार तीवर पासाची जकात घेई. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या त्या व्यापारांतील भागीदारांत मोतीचंद अमीचंद हे जैन शेट, रोजेरियो द फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती गृहस्थ आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान नाखुदा होते. रोगे घराण्यानें मुंबईच्या जुम्मा मशिदीची मोठी सेवा केली. अफू हें औषध, व्यापार कायदेशीर, आणि माल ओढणारा परका. ह्या तीन गोष्टींवर चारी धर्मांच्या सज्जनांची सदसद्विवेकबुद्धि स्वस्थ झोंपली. एकट्या रोग्यांस बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

पुढें आबकारी आली. शब्द फारशी, व्यवस्था इंग्रजी. १८७८ सालीं अफूचा कायदा झाला, त्याच सालीं मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला. मक्ते, गुत्ते, माडांवरील कर, उरणच्या भट्ट्या, ह्या सर्वांतून सरकारी तिजोरींत पैसा पडूं लागला. १८९३-९४ सालीं गांजा-भांगेच्या चौकशीसाठीं मोठें कमिशन बसलें आणि त्यानेंही सरसकट बंदी नको, असाच अभिप्राय दिला. इकडे काजीच्या हातांतील दंड केव्हांच गेला होता. पिनल कोड १८६२ पासून अमलांत आलें. १८६४ सालीं न्यायकचेरींतील काजी व मुफ्ती ह्यांचीं पदें काढून टाकलीं. १८८० च्या कायद्यानें काजी पुन्हा नेमतां येऊं लागले, पण न्यायाधिकाराशिवाय, लग्नादि विधींपुरते. आतां गुत्त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुसलमानास फटके मारणारा कोणी उरला नाहीं. त्याचें पाप त्याच्यापाशीं राहिलें.

परंतु एका ठिकाणीं तें त्याच्यापाशीं राहिलें नाहीं; तें त्याच्या बायकोच्या कपाळीं आलें. शिक्षेचा कायदा इंग्रजी झाला, तरी विवाहाचा कायदा शरियतीचाच होता. आणि हनफी शास्त्रांत प्रश्न आहे: नशेंत उच्चारलेला तलाक लागू होतो काय?

न्यायबुद्धि सहज म्हणेल, नाहीं. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या शब्दास किंमत काय? पण हनफी पंडितांचें प्रचलित मत उलट आहे. ज्यानें आपखुषीनें निषिद्ध पेय घेतलें, त्यास आपल्या पापाचा फायदा मिळूं नये. म्हणून शास्त्र त्यास शुद्धीवर असल्यासारखाच धरतें. तलाक लागू. उलटपक्षीं कोणीं जबरीनें पाजलें असेल किंवा औषधानें भूल पडली असेल, तर तलाक लागू नाहीं. म्हणजे नवऱ्याच्या प्याल्यांत काय होतें, तें हराम कीं मुबाह, ह्यावर बायको घरांत राहणार कीं बाहेर पडणार, हें ठरूं लागलें! मध किंवा धान्याच्या पेयानें नशा चढली असतां अबू हनीफांच्या मतें तलाक होत नाहीं, मुहम्मदांच्या मतें होतो. आणि फतवा मुहम्मदांच्या बाजूनें. वरकड पाहतां मुहम्मदांचें मत अधिक सोंवळें. पण त्या सोंवळेपणाचा भार पडला तो न पिणाऱ्या स्त्रीवर. औरंगजेबानें बऱ्हाणपूरच्या शेख निजाम ह्यांच्या देखरेखीखालीं जो ‘फतावा-इ-आलमगिरी’ नांवाचा प्रचंड संग्रह करविला, त्यांत भांगेसारख्या पदार्थाविषयींही असेंच मत नोंदलें आहे: हें व्यसन लोकांत बोकाळलें आहे, सबब त्या नशेंतील तलाकही लागू धरावा. शाफीई मतांतही पापानें प्यालेल्याचा तलाक लागू होतो, असाच पक्ष प्रबळ.

शास्त्राची बारकाई पाहा. ‘हिदाया’ ह्या प्रसिद्ध ग्रंथांत असें आहे कीं, एखादा प्याला, त्यानें त्याचें डोकें दुखूं लागलें आणि त्या डोकेदुखीनें शुद्ध गेली, तर मात्र तलाक नाहीं. कारण शुद्ध मद्यानें नव्हे, दुखण्यानें गेली. वर्गांत मुलांनीं अशी पळवाट काढली असती तर मी हंसलों असतों. पण पंडितांचा हेतु पळवाटेचा नसावा. कठोर नियमाला जेथें चीर पाडतां येईल तेथें ती पाडावी, असाच असावा. करखी व तहावी ह्या थोर हनफी आचार्यांनीं तर स्पष्टच म्हटलें होतें कीं, नशेंतला तलाक लागू नाहीं. त्यांचें मत ग्रंथांत राहिलें, व्यवहारांत आलें नाहीं.

आणि येथें इंग्रजांचा दोष त्यांच्या पदरीं घातला पाहिजे. वॉरन हेस्टिंग्जच्या प्रेरणेनें चार्लस हॅमिल्टन ह्यानें ‘हिदाया’चें इंग्रजी भाषांतर केलें, तें १७९१ सालीं छापलें गेलें, १८६५ सालीं बेली ह्यानें मुख्यत्वें आलमगिरीवरून सारसंग्रह केला. मुफ्तीपुढें प्रश्न आला असतां तो माणूस पाहून, काळ पाहून, एखादें मागें पडलेलें मत उचलूं शकत असे. न्यायाधीशापुढें मात्र छापील पान होतें. पुस्तकांत प्रबळ मत जें असेल तेंच त्यास कायदा. अशा रीतीनें एकीकडे सरकार परवाना देऊन दारू विकूं लागलें, आणि दुसरीकडे त्याच सरकारचें न्यायपीठ ती पिऊन उच्चारलेला शब्द ग्रंथाधारें कायम करूं लागलें. काजीच्या अमलांत निदान तलाकाबरोबर पिणाऱ्याच्या पाठीवर फटकेही होते. आतां शिक्षेचा अर्धा भाग गळला, उरलेला अर्धा बायकोच्या वांट्यास आला.

इजिप्तनें ह्यांतून वाट काढली. तेथील १९२९ च्या २५ व्या कायद्याच्या पहिल्याच कलमानें नशेंतील व जबरीचा तलाक निष्फळ ठरविला. आणि तोही शरियत सोडून नव्हे, जुन्या आचार्यांच्याच मतांचा आधार घेऊन. हिंदुस्थानांत १९३७ सालीं शरियतीचा कायदा लागू झाला, तो रूढीच्या जागीं. नशेंतील तलाकाविषयीं त्यांत अक्षर नाहीं. १९३९ च्या कायद्यानें मुसलमान स्त्रीस न्यायालयांतून विवाह मोडून घेण्याचीं कारणें मिळालीं: क्रौर्य, पोटगी न देणें, नवरा बेपत्ता होणें वगैरे. त्या यादींत दारूचें व्यसन स्वतंत्र कारण म्हणून नाहीं. व्यसनी नवऱ्याची बायको आली तर तिनें क्रौर्य सिद्ध करावें. खरा फरक पडला तो फार उशिरां. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, तसेंच मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्ण पीठानें, तलाकास योग्य कारण पाहिजे व त्याआधीं समेटाचा प्रयत्न झाला पाहिजे, असें ठरविलें. नशेंत कोणी समेटाचे पंच नेमीत नाहीं. त्यामुळें जुन्या वादाचा बराचसा कणाच मोडला. पुढें २०१७ च्या निकालानें एकदम तीनदां उच्चारलेला तलाक रद्द ठरला, आणि २०१९ च्या कायद्यानें तो गुन्हा झाला. विजापूर-बऱ्हाणपूरच्या काळांतील त्या प्रश्नाला सुमारें तीनशें वर्षांनीं असें उत्तर मिळालें, तेंही प्याल्यांत काय होतें ह्याची चौकशी न करतां.

मध्यंतरीं आपल्या इलाख्यांत चक्र उलटें फिरलें होतें. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा संपूर्ण अंमल १९५० च्या एप्रिलांत सुरू झाला. आतां सरकार स्वतःच मुहतसिब झालें. लगेच प्रश्न आला कीं, ज्यांत मद्यार्क आहे अशीं औषधें, अत्तरें, अंगाला लावण्याचीं द्रव्यें ह्यांचें काय? एका पारशी गृहस्थाच्या अर्जावर १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, कायदा सामान्यतः वैध आहे, परंतु औषधी व प्रसाधनाच्या अशा वस्तूंवरील बंदी टिकत नाहीं. मुसलमान पंडितांपुढें हाच प्रश्न आधींपासून होता. द्राक्ष व खजूर ह्यांखेरीज इतर वस्तूंपासून काढलेला मद्यार्क औषधांत किंवा अत्तरांत चालेल, असें म्हणणाऱ्यांनीं आधार कोणाचा घेतला? बाजूस पडलेल्या अबू हनीफांच्या मताचा! पिण्यासाठीं शिष्याचें मत, औषधासाठीं गुरूचें. १९६० नंतर बंदी सैल झाली, दुकानें पुन्हा उघडलीं. १९४९ चा कायदा मात्र अद्याप पुस्तकांत आहे, आणि त्याप्रमाणें पिणारास परवाना लागतो. १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानें गांजा व चरस ह्यांस कडक बंदी केली, पण भांगेचें पान गांजाच्या व्याख्येंतून वगळलें. आलमगिरीच्या पंडितांस तें नवल वाटलें असतें.

मढे घाट उतरून कोकणांत गेलें कीं माड दिसूं लागतात. पहांटे उतरविलेली गोड नीरा कायद्यानें नशा नव्हे, मात्र ती काढण्या-विकण्यास परवाना पाहिजे. शाफीई मतें ती हलाल, हनफी मतें हलाल. ऊन चढलें, रस फसफसूं लागला, कीं तीच ताडी. तिला वेगळा परवाना लागतो, आणि मशिदींतील आलिमाच्या लेखीं ती हराम होते. तास अमुक, मिनिट अमुक, असें कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं. मडक्याच्या तोंडाशीं फेंस दिसला म्हणजे झालें, अशी खूण दोहींकडचे जाणते लोक सांगतात, आणि अबू हनीफांनीं द्राक्षरसासाठीं सांगितलेली खूणही हीच आहे.